जिवंत मुद्देमाल

बशीत ओतलेला चहा टाकून उठायचं नाही, ही सवय बंडोपंत पाठकांना नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. वाशिमची मुंज आटोपून ते हिंगोलीला परत निघाले होते. कनेरगाव नाक्यावर एसटी थांबली, बंडोपंत धाब्यावर उतरले, चहा बशीत ओतला, आणि नेमका त्याच वेळी खाकी कपड्यांतला एक माणूस दारात उभा राहून म्हणाला, "दोन पंच पाहिजेत."

'पंच' हा शब्द कानावर पडला की आपल्या लोकांच्या पायांत केवढं बळ येतं! जेवणारे हात न धुता उठले. खाटेवर घोरणारे दोन ट्रकवाले झोपेतच चालते झाले. एक गृहस्थ तर वरणाची वाटी हातात घेऊन मागच्या दारानं तुरीच्या शेतात शिरले आणि तिथेच उभ्यानं जेवले असं म्हणतात. मागे राहिले दोघंच. एक धाब्याचा आचारी, ज्याला भट्टी सोडता येत नव्हती, आणि दुसरे बंडोपंत, ज्यांची बशी ओठांना लागलेली होती.

"साहेब, तुमी सरकारी मानूस दिसता," खाकीवाला म्हणाला.

इथे नाही म्हटलं असतं तरी सुटका होती. पण बंडोपंत पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक होते, खिशाला दोन पेनं लावत होते, आणि अनोळखी माणसानं आपल्याला सरकारी म्हणून ओळखावं यासारखं सुख त्यांना दुसरं नव्हतं. ते म्हणाले, "हो, आहे मी."

खाकीवाल्याचं नाव वसराम राठोड, वनखात्यात वनपाल. भानगड अशी होती की आसामकडून हैदराबादला सुपारीची पोती घेऊन चाललेला एक ट्रक त्यानं तपासणीसाठी थांबवला होता. ड्रायव्हरनं खाली उडी टाकली आणि तो तुरीत नाहीसा झाला. सुपारी सुपारीच निघाली, पण एक पोतं हलत होतं. ते सोडलं तर आतून कासव निघालं. चांगलं परातीएवढं, पाठीनं चपटं, तपकिरी रंगाचं आणि त्यावर काळे डाग.

वसराम पंचनामा लिहायला बसला. त्याचं अक्षर बंडोपंतांना बघवेना. ओळ एकीकडे, काना दुसरीकडे. "इकडे आणा तो कागद," असं म्हणून त्यांनी स्वतःच पेन उघडलं आणि सुरेख वळणदार अक्षरात पंचनामा लिहून काढला. 'कासव, नग एक, जिवंत, स्वभाव अबोल.' हात एकदा वाहता झाला की बंडोपंत थांबत नसत. वसराम सांगत गेला, ते लिहीत गेले, आणि लिहून झाल्यावर वाचून पाहिलं तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की शेवटचा कागद सुपुर्दनाम्याचा आहे. सदरहू मुद्देमाल मी सुस्थितीत ताब्यात घेतला असून, कोर्ट मागेल तेव्हा जिवंत हजर करीन. खाली नाव त्यांचंच होतं.

"अहो, हे माझ्याकडे कशाला? तुमचं ऑफिस आहे ना?"

"हापिसात सागाची लाकडं भरून हायेत साहेब. मलाच बसाया जागा न्हाई. दोन-चार दिवसाची बाब हाय. तारीख लागली की आनून द्या."

"आणि दरम्यान हे मेलं तर?"

वसरामनं डोकं खाजवलं. "मरू देऊ नका. मेलं तं मुद्देमाल नष्ट केला म्हनून तुमच्यावरच केस लागते. सरकारी मानूस म्हनल्यावर खात्याची चौकशीबी लागते बराबर."

पुढच्या वर्षी बंडोपंत निवृत्त होणार होते. सगळ्या नोकरीत त्यांना एक मेमो मिळालेला नव्हता, साधी ताकीद नव्हती. त्यांच्या शेजारच्या टेबलावरचा माणूस चौकशीत अडकून निवृत्त झाला तो पेन्शनची वाट बघत बघतच गेला होता. आणि आता आपलं सगळं म्हातारपण या डोकं आत ओढून बसलेल्या प्राण्याच्या तब्येतीवर टांगलेलं आहे, हे त्यांना त्या धाब्यावर उभ्या उभ्या समजलं.

एसटीत कंडक्टरनं पोत्याकडे बोट दाखवलं. "आत काय हाय?"

"मुद्देमाल."

"जीव हाय का त्यात?"

"आहे. असावा."

"मंग कोंबडीचं तिकीट घ्या."

"कासव आहे ते."

"कासवाचं तिकीटच न्हाई आमच्याकडं. कोंबडीचं घ्या न्हाईतर खाली उतरा."

बंडोपंतांनी मुकाट्यानं कोंबडीचं तिकीट घेतलं. मागच्या बाकावरच्या बाईनं वाकून पोत्याला नमस्कार केला, आणि तिच्या मांडीवरच्या लेकरानं पोत्याला लाथ मारली. हिंगोली येईपर्यंत बंडोपंत पोत्याला कान लावून बसले होते.

घरी प्रेमाताईंनी दार उघडलं. "मुंजीचे लाडू आणलेत का?" असं विचारत त्यांनी पोत्यात हात घातला आणि किंचाळून जाईला हाक मारली. जाई त्यांची मुलगी, कॉलेजात बी.एस्सी.ला. तिनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, किती गोड आहे! नाव काय ठेवायचं?"

"मुद्देमालाला नाव ठेवायचं नसतं," बंडोपंत म्हणाले.

"हे घरात राहणार नाही," प्रेमाताई म्हणाल्या.

"सरकारी आहे ते."

"मग सरकारात ठेवा."

शेवटी कासव मोरीत गेलं. परक्या जिवासमोर आंघोळ करायला प्रेमाताईंनी साफ नकार दिला, त्यामुळे कासवावर परात झाकून आंघोळी उरकाव्या लागल्या. पण ती तकलीफ एक वेळ परवडली. खरी काळजी निराळी होती. कासव खात नव्हतं. कणकेचे गोळे दिले, मेथी दिली, भिजवलेली हरभऱ्याची डाळ दिली. ते मान बाहेर काढून सगळं बघायचं, एखाद्या जावयासारखं तोंड करायचं आणि मान आत ओढून घ्यायचं. ते खाईना म्हणून बंडोपंतांच्याही घशाखाली घास उतरेना. ऑफिसात बेरीज करता करता ते मध्येच थांबायचे आणि मोरीतलं दृश्य डोळ्यांपुढे आणून घाबरायचे.

एव्हाना कॉलनीत बातमी पोचली होती. पहिल्या आल्या समोरच्या सत्यभामाबाई. त्यांचे यजमान महादेवाच्या देवळात पुजारी होते, त्यामुळे गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाशी त्यांचा जन्मभराचा संबंध. त्यांनी आल्या आल्या जिवंत कासवाला हळद-कुंकू वाहिलं, बेल वाहिला आणि त्याच्या पाठीवर दुधाची धार धरली. बंडोपंत "अहो, पुराव्यावर काही सांडू नका" असं म्हणेपर्यंत पुरावा पांढरा झाला होता.

मग शेजारचे संपतराव आले. संपतराव पुसेगावचे. गावाकडे त्यांची मेंढरं होती, शेती होती, नातवंडांच्या शाळेसाठी ते हिंगोलीत येऊन राहिले होते. जनावरांच्या बाबतीत सगळी कॉलनी त्यांचा शब्द मानायची, कारण कॉलनीत जनावरं नव्हतीच आणि त्यांचं बोलणं पडताळून बघायची सोय नव्हती.

"पंत, तुमी काहून हाल करून राहिले त्याचे?" मोरीत डोकावून संपतराव म्हणाले. "कासव हाय ते. त्याला पानी पाहिजे. हिरीत सोडा."

"विहिरीत?"

"व्हय. हिरीत कासव असलं की पानी निर्मळ ऱ्हातं. आमच्या पुसेगावच्या हिरीत आज्याच्या टायमापासून कासव हाय. कुनी आजारी पडलं न्हाई."

हे बंडोपंतांनाही माहीत होतं. विहिरीत कासव सोडतात, ते शेवाळ-किडे खाऊन पाणी साफ ठेवतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी त्यांच्यातला लिपिक जागा होता. "पण संपतराव, ताबा माझा आहे. ते कुठे निघून गेलं तर?"

"हिरीतून कुठं जातंय? हिरीपरीस मजबूत लॉकअप सरकारकडं तरी हाय का?"

हे बंडोपंतांना पटलं. कॉलनीच्या मागे मारुतीच्या पाराजवळ एक जुनी बांधीव विहीर होती. त्या वर्षी पाऊस कमी झालेला, पाणी खाली गेलेलं, आणि त्या पाण्याला जरा वासही येऊ लागला होता. म्हणजे विहिरीलाही कासवाची गरज होती. सगळं इतकं छान जुळून आलं की बंडोपंतांना आपण आधी का घाबरलो याचंच नवल वाटलं. सत्यभामाबाईंनी नारळ फोडला, बायकांनी ओवाळलं, आणि संपतरावांनी टोपलीला दोर बांधून कासव खाली सोडलं. टोपली तिरकी झाली. कासव पाण्यात पडलं, चार बुडबुडे आले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बघा, कसं घरी गेल्यावानी गेलं," संपतराव म्हणाले.

त्या दिवशी बंडोपंत दोन्ही वेळा पोटभर जेवले. प्रेमाताईंनी मोरी तीनदा घासून धुतली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बंडोपंत अंगणात दाढी करत बसले असताना वसरामची मोटरसायकल फाटकाशी येऊन थांबली. वसराम गाडीवरून उतरला तो घाईतच.

"साहेब, त्या कासवाचा फोटो आमच्या साहेबांनी नागपूरला धाडला व्हता. तिथून डॉक्टर सुकन्याबाईंचा फोन आला. कासवांच्या लई मोठ्या जानकार हायेत म्हने. त्यांनी सांगितलं, हे पान्यातलं कासव न्हाईच."

बंडोपंतांचा वस्तरा गालावर थांबला. "म्हणजे?"

"रानातलं हाय. जंगलात पाल्यापाचोळ्यात ऱ्हातं. बाई म्हनल्या, वाळक्या पाल्यावर ठिवा, पिऊपुरतं पानी द्या, अन् खोल पान्यात अजिबात सोडू नका. बुडून मरतं. बाकी तुमी काय त्याला पान्यात सोडनार न्हाई म्हना. कुठं ठिवलं?"

अर्धा गाल साबणाचा, अर्धा कोरा, अशा अवस्थेत बंडोपंतांनी मारुतीच्या पाराकडे बोट दाखवलं आणि पळत सुटले. वसराम त्यांच्या मागे, वसरामच्या मागे प्रेमाताई आणि जाई, आणि पंत का पळताहेत हे माहीत नसताना केवळ शेजारधर्म म्हणून संपतराव.

विहिरीच्या काठावर सगळे ओणवे झाले. खाली काळं पाणी. बंडोपंतांनी "अहो! अहो!" अशी हाक मारली. कासवाला कोणत्या नावानं हाक मारणार, नाव तर त्यांनी ठेवू दिलं नव्हतं. मग जाई ओरडली, "बाबा, ते बघा!" पाण्याच्या जरा वर, विहिरीच्या भिंतीतून उंबराचं एक रोप फुटलेलं होतं. त्याच्या मुळांत काहीतरी तपकिरी अडकलेलं दिसत होतं. हालचाल काही नव्हती.

"गेलं वाटतं," गलका ऐकून मागोमाग आलेल्या सत्यभामाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

बंडोपंतांना वाटलं, गेलं. पेन्शन गेली, अब्रू गेली, सगळ्या नोकरीचं नाव गेलं. आणि कुठेतरी खोल, पेन्शनच्याही खाली, त्यांना हेही वाटलं की त्या मुक्या जिवानं रात्रभर त्या मुळाला धरून ठेवलं असेल आणि आपण वर भरल्या पोटी घोरत होतो.

"कुणीतरी उतरा," ते म्हणाले.

संपतरावांची कंबर धरलेली होती, ती नेमकी तेव्हाच धरली. विहिरी उपसणारा हनुमान सासुरवाडीला गेलेला. वसरामनं आपल्या खाकी कपड्यांकडे पाहिलं. "वर्दीत हिरीत उतराया वरून परमिशन लागते साहेब. अन् ताबा तुमचा हाय."

ताबा तुमचा आहे, हे बरोबरच होतं. सुपुर्दनामा बंडोपंतांनी स्वतः लिहिला होता, आणि आपल्या हातानं लिहिलेला कागद खोटा ठरवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. संपतरावांच्या अंगणातली बाज आली, तिच्या चारी पायांना दोर बांधले, आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आणि बनियन एवढ्या वेषात, अर्ध्या दाढीचे बंडोपंत बाजेवर मांडी घालून बसले. मारुतीच्या दर्शनाला आलेली सगळी मंडळी दर्शन सोडून इकडे आली. त्यांच्या ऑफिसचा शिपाईही त्यात होता. त्यानं विहिरीत डोकावून रीतसर नमस्कार केला.

बाज डोलत डोलत खाली निघाली. वरून सूचनांचा वर्षाव चालला होता.

"पंत, मधोमध बसा!"

"डावीकडं सरका!"

"देवाचं नाव घ्या!"

"अहो, चष्मा काढून द्यायचा होतात!" हा आवाज प्रेमाताईंचा.

मुळापाशी पोचल्यावर बंडोपंतांनी कासव सोडवलं. ते थंडगार होतं. मान आत, पाय आत. त्यांनी ते हलवून पाहिलं, त्याच्यावर फुंकर मारली, मग श्वास ऐकू येतो का म्हणून ते अगदी कानाशी धरलं. काहीच ऐकू येईना. "अरे, आहेस का रे बाबा?" बंडोपंत रडवेल्या आवाजात म्हणाले. त्यावर कासवानं मान बाहेर काढली आणि त्यांच्या कानाची पाळी कचकन धरली.

"चावलं!" बंडोपंत आनंदानं ओरडले. "चावलं! चावलं!"

वरच्यांना एवढंच कळलं की विहिरीत पंतांना काहीतरी चावलं. विहिरीत चावणारं म्हणजे सापच, दुसरं काय असणार? कुणीतरी "नाग! नाग!" म्हणून बोंब ठोकली आणि चार दोरांपैकी दोन दोर धरणारे माणुसकी विसरून मागे पळाले. बाज एका अंगाला कलली आणि पंत धबकन पाण्यात गेले. पाणी छातीएवढं होतं म्हणून बरं. सगळे घाबरत घाबरत परत काठाशी आले तेव्हा खाली चष्मा नसलेले बंडोपंत शेवाळात उभे होते आणि दोन्ही हातांनी कासव डोक्याच्या वर उचलून धरलेलं होतं. कान रक्तानं लाल झाला होता.

"जिवंत आहे!" ते सांगत होते. "जिवंत आहे हो!"

"अन् तुमी?" वसरामनं विचारलं.

"माझं नंतर बघा. आधी याला घ्या."

त्या दिवसापासून घराची मांडणी बदलली. मागची खोली कासवाची झाली. बंडोपंत सायकलवरून सिद्धेश्वर धरणाच्या रस्त्याला जाऊन साग-पळसाचा वाळका पाला पोत्यात भरून आणू लागले. फोनवर डॉक्टर सुकन्याबाईंनी आहार सांगितला, पिकलेली फळं आणि गांडुळं. फळांना प्रेमाताईंनी हरकत घेतली नाही. पण ज्या घरात चातुर्मासात कांदा शिजत नाही, त्या घराच्या उंबऱ्यातून गांडुळं आत येणार म्हटल्यावर त्यांनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक जुना चिमटा बंडोपंतांसमोर टाकला. "हा वेगळा. पुन्हा माझ्या स्वयंपाकघरात आणायचा नाही." बंडोपंत खुरपं घेऊन नगरपालिकेच्या बागेत गांडुळं शोधत फिरताना दिसू लागले. ऑफिसात कुजबूज झाली की पाठकसाहेबांच्या डोक्यावर निवृत्तीचा परिणाम झाला, तोही आधीच.

कासव आता खात होतं, पण काळजी काही खाली बसत नव्हती. कारण हे कासव जातीचंच आळशी. खाल्लं की पाल्यात घुसायचं आणि दिवसच्या दिवस हलायचं नाही. ते झोपलंय की गेलंय हे कळायला मार्ग नव्हता. बंडोपंत त्याच्या नाकाशी आरसा धरायचे. आरशावर वाफ दिसली असं वाटायचं, मग ती आपल्याच श्वासाची तर नसेल अशी शंका यायची, म्हणून ते श्वास रोखून पुन्हा आरसा धरायचे आणि त्यांनाच चक्कर यायची. उन्हाळा लागला. हिंगोलीचा उन्हाळा म्हणजे भिंतीसुद्धा हाताला चटका देतात. घरात एकच कूलर होता, तो कासवाच्या खोलीत गेला. वीज गेली की बंडोपंत पाल्यावर पाणी शिंपडत बसायचे आणि स्वतः घामानं निथळायचे.

"माझ्या बाळंतपणात तुम्ही एवढं केलं नव्हतं," प्रेमाताई म्हणाल्या.

"तेव्हा सुपुर्दनामा नव्हता," बंडोपंत म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांना वरण पातळ मिळालं.

आणि कोर्टाच्या तारखा! पहिल्या तारखेला बंडोपंत इस्त्रीचे कपडे घालून, टोपलीत पाला घालून, कासव घेऊन हजर झाले. पुकारा झाला. ड्रायव्हर फरार, पुढची तारीख. पुढच्या तारखेला वकील आजारी. त्यापुढच्या तारखेला साहेबांची बदली. तारखेला आलेले पक्षकार टोपलीत डोकावून आपली केस लवकर सुटावी म्हणून कासवाला नमस्कार करू लागले. एका म्हातारबुवांनी तर "याचीच केस अशी रेंगाळली तं आमचं काय" म्हणून हाय खाल्ली. मध्ये बंडोपंत निवृत्त झाले. निरोप समारंभात साहेबांनी निष्कलंक सेवेचा गौरव केला, पेन्शनचे कागद सुरळीत निघाले, आणि हार गळ्यात असतानाच बंडोपंत घड्याळ बघत उठले, कारण खोलीतल्या पाल्यावर पाणी शिंपडायची वेळ झाली होती.

शेवटी एकदा डॉक्टर सुकन्याबाई साक्षीला आल्या. तरुण बाई, केस आखूड, पायात बूट. त्यांनी कोर्टाच्या व्हरांड्यातच टोपलीसमोर गुडघे टेकले, कासव हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. बंडोपंत घाबरले. "काही आजार आहे का?"

"आजार? काका, याची पाठ बघा, नखं बघा. इतकं निरोगी मी फोटोतसुद्धा पाहिलेलं नाही."

आत साक्ष झाली. हे ब्रह्मदेशाच्या आराकान डोंगरातलं रानकासव, बाई सांगू लागल्या. शंभर वर्षांपूर्वी एका गोऱ्या अधिकाऱ्याला दिसलं, त्यानंतर कुणाला दिसलं नाही. ही जात संपली असंच सगळे धरून चालले होते. मग चौऱ्याण्णव साली चीनमधल्या एका बाजारात, खायला मांडलेल्या कासवांमध्ये काही सापडली. "रानात हिंडताना आमच्यापैकी कुणीही ते अजून पाहिलेलं नाही, साहेब. जगात किती उरलीत ते सांगता येत नाही. फार थोडी असणार, एवढंच सांगता येतं."

इतके दिवस बंडोपंतांना वाटत होतं की आपल्याकडे एक कासव आहे. आता कळलं की जवळजवळ सगळीच आपल्याकडे होती, आणि आपण ती नारळ फोडून विहिरीत सोडली होती.

"नागपूरचं आमचं कासवं सांभाळायचं केंद्र हे न्यायला तयार आहे," बाई म्हणाल्या.

न्यायाधीशसाहेबांनी चष्मा पुसला. "बाई, तुमची तळमळ समजते मला. पण आरोपी फरार आहे. तो सापडेपर्यंत मुद्देमाल कोर्टाच्या हद्दीबाहेर पाठवता येणार नाही. वरच्या कोर्टात अर्ज करा, बघू." मग ते बंडोपंतांकडे वळले. "पाठक, तुम्ही आता निवृत्त आहात. तुमच्या वयाचा विचार करून मी तुम्हाला या जबाबदारीतून मोकळं करू शकतो. मुद्देमाल पोलीस ठाण्याच्या खोलीत राहील. तुमची हरकत नाही ना?"

हीच ती घटका. नाक्यावरच्या त्या चहापासून बंडोपंत रोज देवापुढे हेच मागत होते. पेन्शन हातात होती, नावाला डाग नव्हता, आणि आता कोर्टच म्हणत होतं, जा, मोकळे झालात. ठाण्याची ती खोली त्यांना ठाऊक होती. जप्तीच्या मोटरसायकली, हातभट्टीचे डबे, गंजलेल्या तलवारी, आणि खिडकी नाही. टोपलीत कासवानं मान बाहेर काढली होती. ते इकडे तिकडे बघत नव्हतं, कुणाकडे आशेनं वगैरे तर मुळीच बघत नव्हतं. त्याला पाला हवा होता, एवढंच.

"हरकत आहे, साहेब," बंडोपंत म्हणाले. "राहू द्या माझ्याकडेच."

मागे बसलेल्या प्रेमाताईंनी कपाळाला हात लावला.

साहेबांनी मान डोलावली आणि लिहायला घेतलं. लिहिता लिहिता त्यांचं पेन थांबलं. "बाई, हा प्राणी साधारण जगतो किती?"

"नीट सांभाळला तर पन्नास वर्षं सहज, साहेब. हे तर तसं तरुणच आहे."

साहेबांनी वर पाहिलं. बंडोपंतांचे पांढरे केस, वाकलेले खांदे आणि कानाचा तुटका कोपरा त्यांनी नीट न्याहाळला. मग ते अतिशय सौजन्यानं म्हणाले, "पाठक, तब्येत कशी असते तुमची?"

त्या रविवारी सकाळी संपतराव फाटकाशी उभे राहून दात घासत होते, तेव्हा त्यांना समोरून बंडोपंत येताना दिसले. पायात नवे कॅनव्हासचे बूट, कानाला मफलर, धापा टाकत ते झपझप चालत होते.

"पंत, आज काहून फिराया निघाले? जन्मात कधी निघाले न्हाई!"

"निघायला हवं, संपतराव," बंडोपंत न थांबता म्हणाले. "अजून पन्नास वर्षं जगायचंय."